रणांगणातून पंतप्रधानपदी : ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा उत्कर्ष आणि अपकर्ष

तलवारीच्या बळावर नावारूपास आलेले पुरुष राज्यकारभाराच्या आसनावर बसले म्हणजे त्यांचे काय होते, हा प्रश्न इतिहासाला नवा नाही. पुष्कळ सेनापतींनी सैन्याच्या जोरावर सत्ता हस्तगत केली आणि बहुधा सैन्याच्याच हातून ती गमावली. त्यांच्या कथा वाचून मनाला भय वाटते, परंतु बोध थोडाच होतो. याउलट ज्याने सत्ता बळकावली नाही, राजाच्या आमंत्रणावरून जो रीतसर पंतप्रधान झाला, आणि सभागृहात हार होताच एकही शिपाई न हलवता दुसऱ्याच दिवशी जो पायउतार झाला, अशा सेनापतीची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. तो सेनापती म्हणजे वॉटर्लूच्या रणात नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन होय.

हा पुरुष आपणांस अगदीच परका नाही. ड्यूक होण्यापूर्वी तो आर्थर वेलस्ली या नावाने आपल्याच मुलखात वावरला. बेळगाव-धारवाडकडील नद्या त्याने ओलांडल्या, पुण्यास तो आला, आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी असईच्या मैदानात तो झुंजला. आपल्याकडील शालेय इतिहासात त्याची ओळख बहुधा येथेच संपते. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान म्हणून तो कसा चढला व कसा पडला, हे फारसे सांगितले जात नाही. आज मला तेच सांगावयाचे आहे. युद्धात माघार केव्हा घ्यावी हे अचूक जाणणारा हा मनुष्य राजकारणात एकदा योग्य वेळी मागे सरला आणि एकदा मुळीच सरला नाही. या दोन प्रसंगांमध्ये दीड वर्षाहून थोडेसेच अधिक अंतर आहे, आणि त्याच्या अपकर्षाचे मर्म त्या अंतरात दडलेले आहे.

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडातील डब्लिन येथे झाला. घराणे प्रॉटेस्टंट उमरावांचे, परंतु हा धाकट्या मुलांपैकी. शाळेत त्याने काही चमक दाखविली नाही, म्हणून त्याला सैन्यात घालण्यात आले. १७९७ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि पुढच्याच वर्षी त्याचा वडील भाऊ रिचर्ड हा गव्हर्नर जनरल होऊन आला. भावाच्या अधिकाराचा त्याला लाभ झाला हे खरे. परंतु मिळालेल्या संधीचे चीज त्याने स्वतःच्या कर्तृत्वाने केले, हेही तितकेच खरे.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथील कारभार त्याच्याकडे आला. १८०० मध्ये धोंडजी वाघाचा पाठलाग करीत तो मलप्रभेपर्यंत आला व बेळगाव भागातील मनोळीजवळ त्याने धोंडजीच्या तळावर छापा घातला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात धोंडजी लढताना मारला गेला. त्याचा एक लहानगा मुलगा छावणीत सापडला. वेलस्लीने त्या मुलाचा सांभाळ केला, आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे ठेवून गेला. या कोरड्या, मोजके बोलणाऱ्या माणसाच्या स्वभावाचा हा एक पैलू ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

वसईच्या तहानंतर १८०३ च्या एप्रिलात तो पुण्यास पोहोचला व मे महिन्यात दुसरा बाजीराव पुन्हा गादीवर बसला. ऑगस्टमध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, त्याने घेतले. २३ सप्टेंबर रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांची संयुक्त फौज त्याच्या नजरेस पडली. संख्येने ती त्याच्या कितीतरी पट होती. शिंद्यांची कवायती पलटणे व शंभराच्या आसपास तोफा समोर सज्ज होत्या, आणि मध्ये नदी होती. नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्ली स्वतः घोडा पुढे काढून पाहू लागला. दोन्ही काठांवर अगदी समोरासमोर वसलेली दोन गावे त्याला दिसली. अशा गावांत येणेजाणे असावयाचेच, आणि येणेजाणे असेल तर उतारही असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला. तो तर्क खरा ठरला. त्या उताराने सैन्य पलीकडे नेऊन त्याने लढाई जिंकली.

विजय स्वस्त नव्हता. शिंद्यांच्या गोलंदाजांनी मरेपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. इंग्रजांकडील दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. प्रत्यक्ष झुंजलेल्या फौजेचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होता. वॉटर्लूनंतरही, आपली सर्वोत्तम लढाई कोणती असे विचारले असता तो असईचे नाव घेत असे, असे सांगतात. पुढे आडगाव व गाविलगड येथे त्याने जय मिळविला आणि १८०३ संपण्यापूर्वी शिंदे व भोसले या दोघांनाही तह करावे लागले. मराठी मनाला ही हकीकत सुखाची नाही. परंतु आपल्याला हरविणारा माणूस कशामुळे जिंकला हे समजून घेण्यात कमीपणा नाही. जनावरांचा चारा, धान्याचे बैल, नद्यांचे उतार यांची चौकशी तो स्वतः करी आणि दुसऱ्याच्या सांगीवर विसंबून न राहता जमीन आपल्या डोळ्यांनी पाही. हा त्याचा पहिला गुण होय.

दुसरा गुण पोर्तुगालात दिसून आला. नेपोलियनच्या स्वारीमुळे पोर्तुगालचे राजघराणे १८०७ मध्ये ब्राझीलला निघून गेले होते. ज्या लिस्बनच्या नावाने तेव्हा गोमंतकाचा कारभार चाले, त्या लिस्बनचे रक्षण करण्याचे काम वेलस्लीवर पडले. १८०९ पासून त्याने लिस्बनच्या उत्तरेकडील डोंगरांत टोरेस वेद्रास येथे तटबंदीच्या ओळी गुपचूप उभारल्या. १८१० मध्ये मासेना हा फ्रेंच सेनापती मोठे सैन्य घेऊन आला, तेव्हा वेलस्ली, म्हणजे आता लॉर्ड वेलिंग्टन, लढत लढत मागे सरला. लोकांनी त्याला नावे ठेवली. परंतु मासेना त्या डोंगरांपाशी आला तेव्हा समोर अभेद्य तट पाहून तो थबकला. पुढे वाट नाही आणि मागे अन्न नाही, अशा स्थितीत काही महिने काढून १८११ च्या मार्चमध्ये त्याला परतावे लागले. या डावपेचात उजाड केलेल्या प्रदेशातील हजारो पोर्तुगीज शेतकऱ्यांचे हाल झाले, हे विसरता येत नाही. परंतु सेनापती या नात्याने वेलिंग्टनचे दोन विशेष येथे स्पष्ट होतात. जी जागा राखणे शक्य नाही ती तो वेळीच सोडी. आणि आपला बेत तो अखेरपर्यंत गुप्त ठेवी.

त्यानंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. सालामांका, व्हिटोरिया असे जय मिळवीत तो फ्रान्समध्ये शिरला, १८१४ मध्ये ड्यूक झाला, आणि १८ जून १८१५ रोजी ब्ल्यूखरच्या प्रशियन सैन्याच्या साहाय्याने त्याने वॉटर्लू जिंकले. सेहेचाळीस वर्षांच्या वयात मिळविण्यासारखे त्याने सर्व काही मिळविले होते. तेथेच तो थांबता तर त्याच्या कीर्तीला डाग लागला नसता.

परंतु १८१८ च्या अखेरीस तो लॉर्ड लिव्हरपूलच्या मंत्रिमंडळात शिरला. हे मंत्रिमंडळ टोरी पक्षाचे, म्हणजे आपण ज्याला हुजूरपक्ष म्हणतो त्याचे होते. १८२७ मध्ये लिव्हरपूल आजारी पडला, त्याच्या जागी आलेला कॅनिंग चार महिन्यांत वारला, त्यानंतरच्या गोडरिचला कारभार झेपला नाही. तेव्हा जानेवारी १८२८ मध्ये चौथ्या जॉर्ज राजाने वेलिंग्टनला पाचारण केले. पंतप्रधान व्हावयाचे म्हणजे सरसेनापतीचे पद सोडणे भाग होते. ते त्याने सोडले, पण नाखुशीने.

पहिल्याच वर्षी नव्या व्यवसायाचा अनुभव आला. मंत्रिमंडळातील हस्किसन या बुद्धिमान मंत्र्याने मे महिन्यात एका मतदारसंघाच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध मत दिले आणि रात्री घरी जाऊन राजीनाम्याचे पत्र लिहिले. राजकारणात अशी पत्रे कित्येकदा मनधरणी व्हावी म्हणून लिहिलेली असतात. वेलिंग्टनने ते पत्र शिपायाच्या पद्धतीने वाचले : राजीनामा लिहिला आहे, तेव्हा तो राजीनामाच आहे. हस्किसन गेला, त्याच्यामागून पामर्स्टन, लॅम्ब, म्हणजे पुढचा लॉर्ड मेलबर्न, असे कर्तबगार लोकही गेले. सैन्यातून एक अधिकारी गेला तर दुसरा नेमता येतो. पक्षातून गेलेला मनुष्य मात्र समोरच्या बाकावर जाऊन बसतो, आणि त्याचे मत मोजले जाते. हा फरक त्याला तेव्हा जाणवला नसावा.

आता मी त्याच्या कारकीर्दीतील मुख्य प्रसंगाकडे वळतो. त्या काळी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये कॅथलिकास बसता येत नसे. निवडून येण्यास कायद्याने स्पष्ट बंदी नव्हती. परंतु सभासदाला जी शपथ घ्यावी लागे तीत ख्रिस्तयाग आणि पवित्र मरिया व संत यांची आळवणी ही मूर्तिपूजा व भ्रम होय असे जाहीर करावे लागे. कोणताही श्रद्धावान कॅथलिक ही शपथ कशी घेणार? इंग्लंडात कॅथलिक थोडे होते. आयर्लंडात मात्र बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती. ज्या देशातील बहुतेक लोकांना आपल्या धर्माचा प्रतिनिधी पाठविता येत नाही, त्या देशावर त्याच पार्लमेंटचे कायदे चालत होते.

१८२३ मध्ये डॅनियल ओकॉनेल या वकिलाने कॅथलिक संघ स्थापन केला. दरमहा एक पेनी वर्गणी देऊन गरिबातल्या गरीब शेतकऱ्यालाही या संघात येता येई आणि गावोगावचे धर्मगुरू ती वर्गणी जमवीत. शस्त्र न उचलता, परंतु एकजुटीने, एक सबंध राष्ट्र उभे राहिले. हस्किसनच्या गटाबरोबर गेलेल्यांच्या जागी वेलिंग्टनने व्हेसी फिट्झजेरल्ड यास मंत्री केले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे नव्या मंत्र्याला आयर्लंडातील क्लेअर मतदारसंघातून पुन्हा निवडून येणे भाग होते. फिट्झजेरल्ड स्वतः कॅथलिकांच्या हक्कांचा पुरस्कर्ता व लोकप्रिय जमीनदार होता. तरीही ओकॉनेल त्याच्याविरुद्ध उभा राहिला. जुलै १८२८ मध्ये ओकॉनेलला २०५७ आणि फिट्झजेरल्डला ९८२ मते पडली. कुळांनी जमीनदारांचा शब्द मोडला. निवडून आलेल्या माणसाला सभागृहात बसता येणार नव्हते, आणि त्याला बाहेर ठेवले तर पुढच्या निवडणुकीत प्रत्येक आयरिश जिल्ह्यात हेच घडणार होते.

वेलिंग्टन कॅथलिकांचा कैवारी नव्हता. त्याचा पक्ष तर या मागणीचा कट्टर विरोधक होता. परंतु आयर्लंड ही त्याची जन्मभूमी होती; १८०७ ते १८०९ या काळात तेथे तो सरकारचा मुख्य सचिव होता. तेथील जमीन त्याने पाहिलेली होती. त्याच्या सैन्यात हजारो आयरिश कॅथलिक शिपाई लढले होते, आणि पोर्तुगाल-स्पेनच्या कॅथलिक प्रजेबरोबर त्याने सहा वर्षे काढली होती. ही जागा राखता येणार नाही हे त्याने ओळखले. राखावयाची तर यादवी युद्ध करावे लागेल, आणि तेही ज्या सैन्यात पुष्कळ शिपाई कॅथलिक आहेत त्याच सैन्याच्या बळावर. २ एप्रिल १८२९ रोजी उमरावसभेत त्याने सांगितले की, मी बहुतेकांहून अधिक काळ युद्धात घालविला आहे. आणि माझ्या देशावरील एक महिन्याचेही यादवी युद्ध टाळण्यासाठी प्राण द्यावा लागला तर मी तो देईन. तो भावनेने ओथंबलेली भाषणे करणारा मनुष्य नव्हता. म्हणून या उद्गारांना वजन होते.

हा निर्णय अमलात आणणे असईइतकेच कठीण होते. राजा चौथा जॉर्ज राज्याभिषेकाच्या शपथेचा आधार घेऊन अडून बसला. ४ मार्च १८२९ रोजी विंडसर येथे राजाने साफ नकार दिला आणि मंत्र्यांनी राजीनामे दिले. दुसरे सरकार बनविणे शक्य नाही हे उमगताच त्याच रात्री राजाने पत्र लिहून त्यांना परत बोलावले. गृहमंत्री रॉबर्ट पील हा तर कॅथलिक हक्कांचा विरोधक म्हणूनच प्रसिद्ध होता. मत बदलल्यामुळे त्याने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या जागेचा राजीनामा दिला, पुन्हा उभा राहिला आणि पडला. लॉर्ड विन्चिल्सी या उमरावाने वेलिंग्टनवर उघड पत्रातून धर्मद्रोहाचा आरोप केला. ५९ वर्षांच्या पंतप्रधानाने त्याला द्वंद्वास आव्हान दिले आणि २१ मार्च रोजी लंडनमधील बॅटर्सी येथे दोघे पिस्तुले घेऊन उभे राहिले. वेलिंग्टनची गोळी बाजूने गेली, विन्चिल्सीने हवेत बार काढला व लेखी क्षमा मागितली. पंतप्रधानाने असे करावे हे शोभादायक नव्हते. परंतु वातावरण किती तापले होते हे त्यावरून कळते. अखेरीस उमरावसभेत शंभरावर मताधिक्याने विधेयक संमत झाले आणि १३ एप्रिल १८२९ रोजी त्याला राजाची संमती मिळाली.

मी स्वतः कॅथलिक आहे. या कायद्याविषयी मला ममत्व वाटते हे मी नाकारीत नाही. परंतु ममत्वाने सत्य झाकू नये. याच कायद्याबरोबर दुसरा कायदा करून आयर्लंडच्या जिल्ह्यांतील मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली. दोन लाखांच्या घरातील मतदार चाळीस हजारांच्या आत आले. ज्या गरीब कुळांनी जमीनदाराचा रोष पत्करून ओकॉनेलला निवडून दिले, त्यांचेच मत गेले. श्रीमंत कॅथलिकास सभागृहाचे दार उघडले आणि गरीब कॅथलिकाच्या हातून मतपेटी काढून घेण्यात आली. माघार घेताना सेनापती मागचे पूल तोडतो, तसेच हे झाले. तथापि यादवी टळली, आणि श्रद्धेच्या कारणास्तव माणसाला प्रतिनिधित्वापासून दूर ठेवणारी मोठी भिंत पडली. हे काम त्या विचारांच्या पक्षाने नव्हे, तर विरुद्ध विचारांच्या पक्षाच्या पुढाऱ्याने केले, हे वेलिंग्टनच्या मोठेपणाचे गमक होय.

मग तो पडला कसा? येथे टोरेस वेद्रासची आठवण ठेवली पाहिजे. १८२८ च्या उन्हाळ्यापासून तो या बदलाची आखणी करीत होता. परंतु आपल्या पक्षातील लोकांना त्याने फेब्रुवारी १८२९ मधील राजाच्या भाषणापर्यंत काहीही कळू दिले नाही. सेनापती आपला बेत शत्रूपासून लपवितो, आणि शत्रूला कळू नये म्हणून आपल्या सैन्यापासूनही लपवितो. सैन्य त्याबद्दल तक्रार करीत नाही. पक्ष मात्र तक्रार करतो. ज्यांनी वर्षानुवर्षे या पुढाऱ्याच्या भरवशावर मतदारांना वचने दिली, त्यांना एके सकाळी समजले की पुढारी पलीकडच्या काठावर गेला आहे. निर्णय योग्य होता; परंतु तो गळी उतरविण्याचे, माणसांना बरोबर घेऊन जाण्याचे कष्ट त्याने केले नाहीत. कट्टर टोरींनी हा विश्वासघात मानला आणि तो ते विसरले नाहीत. त्यांच्यातील काहींनी तर असा विलक्षण निष्कर्ष काढला की, जनतेचे मत विरुद्ध असता हा कायदा संमत होतो, त्याअर्थी सभागृहच मोडकळीस आलेले आहे व त्याची सुधारणा झाली पाहिजे. अशा रीतीने सुधारणेच्या शत्रूंतूनच सुधारणेचे काही समर्थक निर्माण झाले.

सभागृह मोडकळीस आलेले होतेच. ओल्ड सेरम नावाच्या एका उजाड टेकडीवर कोणी राहत नसताही तिचे दोन प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये बसत. आणि लाखाहून अधिक वस्तीच्या, गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टर शहराला एकही प्रतिनिधी नव्हता. जून १८३० मध्ये चौथा जॉर्ज वारला, त्यामुळे निवडणुका झाल्या. जुलैमध्ये पॅरिसला क्रांती झाली, पाठोपाठ बेल्जियम पेटला. दक्षिण इंग्लंडातील भुकेले शेतमजूर मळणीयंत्रे फोडू लागले व गंजी जाळू लागले.

१५ सप्टेंबर रोजी लिव्हरपूल ते मँचेस्टर या लोहमार्गाच्या उद्घाटनास वेलिंग्टन गेला. वाटेत गाडी थांबली असता हस्किसन, तोच राजीनामा दिलेला मंत्री, मागील विसरून ड्यूकशी हस्तांदोलन करावयास त्याच्या डब्यापाशी आला. इतक्यात शेजारच्या रुळावरून इंजिन आले. गडबडीत हस्किसन त्याखाली सापडला व त्याच दिवशी मरण पावला. त्याच्या अनुयायांशी पुन्हा जुळते घेण्याचा जो मार्ग होता, तोही अवघड होऊन बसला. मँचेस्टरला पोहोचल्यावर तेथील गिरणी-कामगारांनी ड्यूकचे स्वागत आरोळ्यांनी व निषेधाच्या निशाणांनी केले. समोर भूमी उघडी पडली होती. परंतु यावेळी त्याने ती पाहिली नाही.

२ नोव्हेंबर १८३० रोजी उमरावसभेत व्हिग पक्षाच्या अर्ल ग्रे यांनी सुधारणेचा विषय काढला. थोडीशी सुधारणा करू एवढे म्हटले असते तरी सरकार तगले असते. वेलिंग्टनने उत्तर दिले की, देशाची सध्याची प्रतिनिधिपद्धती इतकी उत्तम आहे की तीहून चांगली कल्पिता येणार नाही. तिच्यावर लोकांचा पूर्ण विश्वास आहे. आणि अधिकारावर असेतोवर आपण कोणत्याही सुधारणेस विरोधच करू. त्याच्या स्वतःच्या बाकावरील लोक स्तब्ध झाले. लंडनमध्ये असंतोष इतका वाढला की, ९ नोव्हेंबरची राजाची नगरभेट रद्द करावी लागली. १५ नोव्हेंबरला राजाच्या खर्चासंबंधीच्या एका ठरावावर कॉमन्स सभेत सरकार २०४ विरुद्ध २३३ मतांनी हरले. विरोधात मत देणाऱ्यांत १८२९ ची सल मनात धरणारे कट्टर टोरी होते आणि हस्किसनचे जुने अनुयायीही होते. दुसऱ्या दिवशी वेलिंग्टनने राजीनामा दिला. ग्रेच्या नव्या मंत्रिमंडळात पामर्स्टन व मेलबर्न जाऊन बसले.

पुढची दोन वर्षे त्याला फार कठीण गेली. एप्रिल १८३१ मध्ये त्याची पत्नी वारली व तिचा देह घरातच असता जमावाने त्याच्या लंडनमधील वाड्याच्या काचा दगडांनी फोडल्या. ऑक्टोबरात पुन्हा तेच घडले. त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवून घेतल्या. मे १८३२ मध्ये ग्रेने राजीनामा दिला तेव्हा राजाने पुन्हा वेलिंग्टनला बोलावले. परंतु पीलने साथ दिली नाही, लोकांनी बँकेतून सोने काढण्यास आरंभ केला, आणि आठवड्याभरात सरकार बनविण्याचा नाद त्याला सोडावा लागला. त्यानंतर मात्र जुना सेनापती पुन्हा जागा झाला. विधेयक आता अडविता येणार नाही हे ओळखून तो आपल्या अनुयायी उमरावांसह मतदानापासून दूर राहिला, आणि सुधारणेचा कायदा जून १८३२ मध्ये संमत झाला. पाठोपाठ आलेल्या १८ जूनला, वॉटर्लूच्या वर्धापनदिनीच, लंडनच्या रस्त्यात जमावाने त्याच्या मागे लागून त्याला चिखल-दगड मारले. तो घोड्यावरून शांतपणे चालत राहिला.

१८३४ च्या अखेरीस पील इटलीहून परत येईपर्यंत सुमारे तीन आठवडे त्याने पुन्हा पंतप्रधानपद सांभाळले आणि पील येताच ते त्याच्या स्वाधीन केले. १८४६ मध्ये धान्यावरील जकात उठविणारे पीलचे विधेयक स्वतःला न पटताही त्याने उमरावसभेतून पार पाडले. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो वारला, तेव्हा ज्या लंडनने त्याच्यावर दगड टाकले होते तेच लंडन लाखोंच्या संख्येने त्याच्या अंत्ययात्रेस लोटले. पंतप्रधान वेलिंग्टनला लोकांनी क्षमा केली, ती बहुधा वॉटर्लूच्या वेलिंग्टनकडे पाहून.

श्रोतेहो, एकाच माणसाने १८२९ मध्ये जे ओळखले ते १८३० मध्ये का ओळखले नाही? मला याचे उत्तर असे वाटते. आयर्लंड त्याने पाहिले होते. मँचेस्टर, बर्मिंगहॅमचा गिरणीमालक आणि कामगार यांना तो ओळखत नव्हता. जेथे त्याने स्वतः घोडा पुढे घालून जमीन न्याहाळली, तेथे त्याला उतार सापडला. जेथे आपल्याच वर्गाच्या सांगण्यावर तो विसंबला, तेथे नदीला उतार नाही हे वाटाड्यांचे म्हणणे त्याने खरे मानले. शिवाय कॅथलिकांच्या प्रश्नावर मागे सरल्याबद्दल स्वपक्षाने त्याला जे शासन केले, त्यामुळे दुसऱ्यांदा मागे सरण्याचे धैर्य त्याच्यात उरले नसावे. योग्य माघारीला आपण विश्वासघात म्हणू लागलो की, पुढच्या वेळी आपले पुढारी चुकीच्या जागीही हटून बसतात. हा दोष एकट्या पुढाऱ्याचा नव्हे. त्यात अनुयायांचाही वाटा असतो.

सेनापतीला आज्ञा पुरते. पंतप्रधानाला समजूत घालावी लागते, आणि ती आधी घालावी लागते. वेलिंग्टनपाशी धैर्य, निःस्वार्थीपणा व प्रामाणिकपणा ही तिन्ही होती; आपल्या माणसांना विश्वासात घेण्याची कला तेवढी नव्हती. तरीही मला त्याच्याविषयी आदर वाटतो. हार झाल्यावर त्याच्या मागे सारे सैन्य उभे राहिले असते असा मोह त्याला घालणारे कोणी असतीलही. परंतु २९ मतांनी हरलेला वॉटर्लूचा विजेता मुकाट्याने घरी गेला. लोकसत्तेचे रक्षण ज्या सवयींनी होते, त्यांत या सवयीचे स्थान फार वरचे आहे.